रशिया-सर्बिया मैत्रीचे टिपण कसे तयार करावे : ठाण्यातील अभ्यासगटांसाठी एक कार्यपद्धती

ठाण्याच्या अभ्यासिकांमध्ये चालू घडामोडींची चर्चा युक्रेन युद्धापाशी आली की कोणीतरी सर्बियाचा विषय हमखास काढतो. युरोपीय संघात प्रवेश मिळावा म्हणून वाटाघाटी करणारा आणि बहुतेक बाजूंनी नाटोच्या सदस्यदेशांनी वेढलेला हा छोटा देश रशियावर निर्बंध का लादत नाही, हा प्रश्न लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना पडतो, तसाच तलावपाळीच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांनाही पडतो. त्यावर ठरलेले उत्तर मिळते : दोघे स्लाव, दोघे ऑर्थोडॉक्स, आणि मैत्री शेकडो वर्षांची. हे उत्तर खोटे नाही. पण त्याने काही उलगडत नाही, कारण बल्गेरियन लोकही स्लाव आणि ऑर्थोडॉक्सच आहेत, रशियाने त्यांच्यासाठी प्रत्यक्ष युद्धही केले होते, आणि तरीही बल्गेरिया आज नाटोत आहे, युरोपीय संघात आहे आणि रशियाविरुद्धच्या निर्बंधांत सहभागी आहे. वंश आणि पंथ समान असताना दोन शेजारी देश दोन दिशांना का गेले, हे ज्या टिपणातून समजेल ते टिपण उपयोगाचे. ते कसे तयार करावे, याची एक पद्धत येथे मांडली आहे. ती परीक्षार्थींना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली असली, तरी ठाणे किंवा नवी मुंबईतील एखाद्या मंडळात या विषयावर व्याख्यान देणाऱ्यालाही ती चालेल.

वही, नकाशा आणि दिनदर्शिका

वहीचे पान उभे दुमडून त्याचे दोन रकाने करावेत. डाव्या रकान्यात त्या-त्या प्रसंगी काय बोलले गेले ते लिहावे : बंधुत्वाची ग्वाही, संरक्षणाचे आश्वासन, स्मारकाच्या अनावरणातील भाषण. उजव्या रकान्यात प्रत्यक्ष काय केले गेले ते लिहावे : सैन्य गेले की नाही, मत कोणत्या बाजूला पडले, तहात कोणते कलम आले, पैसा किती आणि कशाच्या मोबदल्यात दिला गेला. पानाच्या तळाशी एकच ओळ असावी, की त्या वेळी कोणाला कोणाची अधिक गरज होती. पंधरा-वीस नोंदी झाल्या की दिसू लागते की डावा रकाना दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही, उजवा मात्र जवळजवळ दर पिढीला बदलला आहे. या दोन रकान्यांमधील अंतर हाच या विषयाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. केवळ डावा रकाना भरून लिहिलेली टिपणे वाचायला गोड लागतात, पण त्यांतून पुढच्या घटनेचा अंदाज बांधता येत नाही.

त्यानंतर नकाशा. भिंतीवरचा जगाचा नकाशा येथे पुरत नाही; ग्रंथालयातून युरोपचा चांगला ॲटलास मिळवून बाल्कन द्वीपकल्पाचे पान हाताने कागदावर उतरवावे. सर्बियाला समुद्रकिनारा नाही, आणि रशियाशी त्याची सीमा इतिहासात कधीही भिडलेली नाही. हंगेरी, रुमानिया, बल्गेरिया, उत्तर मॅसिडोनिया, माँटेनेग्रो आणि क्रोएशिया या शेजाऱ्यांना एकाच रंगाने रंगवावे, कारण ते सर्व नाटोचे सदस्य आहेत; रंगाविना उरतात ते बोस्निया-हर्झेगोविना आणि सर्बियापासून फुटून २००८ मध्ये स्वातंत्र्य घोषित केलेला कोसोवो, ज्यावर सर्बिया आजही दावा सांगतो. जून २०२२ मध्ये रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह बेलग्रेडला निघाले असता बल्गेरिया, उत्तर मॅसिडोनिया आणि माँटेनेग्रो यांनी आपले हवाई क्षेत्र बंद ठेवले आणि दौराच रद्द झाला. ही एक नोंद नकाशाशेजारी लिहून ठेवली तरी पुढचे बरेच काही समजायला सोपे जाते : मॉस्कोची मदत बेलग्रेडपर्यंत पोहोचायची तर ती नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणातून जावी लागते.

तिसरी तयारी तारखांची. त्या काळी रशिया आणि सर्बिया हे दोन्ही देश जुने ज्युलियन पंचांग वापरत असत, आणि ते आजच्या पंचांगाच्या एकोणिसाव्या शतकात १२ व विसाव्या शतकात १३ दिवस मागे होते. त्यामुळे एका पुस्तकात सान स्तेफानोचा तह १९ फेब्रुवारी १८७८ चा दिसतो आणि दुसऱ्यात ३ मार्चचा. दोन्ही बरोबर आहेत. टिपणात सर्वत्र नवेच पंचांग वापरावे. जुलै १९१४ च्या घटनांत ही शिस्त पाळली नाही तर प्रश्नाआधी उत्तर आल्यासारखे वाटू लागते.

धर्माचा थर

या भागावर वेळ फार घालवू नये, पण तो गाळूही नये. सर्बियन चर्चचे पहिले आर्चबिशप संत सावा यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस राजवाडा सोडून अथोस पर्वतावरील रशियन मठात दीक्षा घेतली, अशी परंपरा आहे, आणि १२१९ साली सर्बियन चर्चला स्वायत्तता मिळाली ती त्यांच्याच प्रयत्नांनी. पुढे ऑटोमन अमलाखाली आणि हॅब्सबर्ग प्रदेशात विखुरलेल्या सर्बांना धर्मग्रंथ आणि शिक्षक रशियातून येत. १७२६ साली मॅक्सिम सुवोरोव्ह हे रशियन शिक्षक स्रेम्स्की कार्लोव्ह्त्सी येथे आले. १७५० च्या दशकात सर्ब कुटुंबे रशियन साम्राज्यात वसली, आणि त्यांच्या वसाहतींना नवसर्बिया हे नाव मिळाले. ती भूमी आज युक्रेनमध्ये आहे. १७७४ च्या कुचुक कायनार्जीच्या तहाचा आधार घेऊन ऑटोमन साम्राज्यातील ऑर्थोडॉक्स प्रजेच्या वतीने बोलण्याचा हक्क आपल्याला आहे, असे रशिया सांगू लागला, आणि धर्माच्या नात्याला राजनयाचे शस्त्र येथून लाभले. उजव्या रकान्यात पहिली ठळक नोंद हीच करावी.

१८०४ ते १९१४ : तीन प्रसंग सविस्तर, बाकीचे धावते

पहिला प्रसंग उठावांचा. १८०४ मध्ये काराजॉर्जे याच्या नेतृत्वाखाली सर्बांनी उठाव केला, आणि १८०६ पासून रशिया-तुर्कस्तान युद्ध सुरू झाल्यामुळे त्यांना रशियाची साथ मिळाली. मग नेपोलियन रशियावर चालून येणार हे दिसू लागताच झारने १८१२ मध्ये बुखारेस्ट येथे घाईने तह उरकला. त्यातील आठव्या कलमात सर्बांना माफी आणि अंतर्गत कारभाराची मुभा मिळावी असे लिहिले गेले. पण ते कलम पाळायला लावणारे रशियन सैन्य माघारी गेले होते, आणि १८१३ मध्ये ऑटोमन फौजांनी उठाव चिरडला. त्याच पिढीत मिलोश ओब्रेनोविच याने १८१५ मध्ये दुसरा उठाव केला, तुर्कांशी सबुरीने बोलणी चालू ठेवली, आणि १८२९ च्या एड्रियानोपलच्या तहात रशियाने विजेता म्हणून अट घातल्यावर १८३० मध्ये सर्बियाची स्वायत्तता सुलतानाच्या फर्मानाने मान्य झाली. या दोन नोंदी समोरासमोर लिहाव्यात. १८१२ मध्ये रशियाच्या गळ्याशी आले होते तेव्हा सर्बियाचा विषय मागे पडला. १८२९ मध्ये रशियाचे हात मोकळे होते तेव्हा तोच विषय पुढे आला. दोन्ही वेळा भाषा बंधुत्वाचीच होती.

दुसरा प्रसंग १८७८ चा, आणि माझ्या मते संपूर्ण टिपणातील सर्वांत बोलका. १८७६ मध्ये सर्बियाने ऑटोमन साम्राज्याशी युद्ध पुकारले तेव्हा जनरल मिखाईल चेर्न्यायेव हा रशियन सेनानी सर्बियन सैन्याच्या प्रमुखपदी आला, त्याच्यामागून रशियन स्वयंसेवक आले, आणि रशियात चर्चपासून वर्तमानपत्रांपर्यंत सर्बप्रेमाला उधाण आले. युद्ध सर्बिया हरला. पुढच्या वर्षी रशिया स्वतः रणात उतरला, जिंकला, आणि सान स्तेफानोच्या तहाने त्याने एजियन समुद्रापर्यंत पसरलेला विशाल बल्गेरिया उभा केला. ज्या प्रदेशांवर सर्बियाचा डोळा होता त्यांतील मोठा भाग त्या बल्गेरियात गेला. हा तह बदलण्यासाठी युरोपीय सत्तांनी भरवलेल्या बर्लिन परिषदेत सर्बियाचे परराष्ट्रमंत्री योव्हान रिस्तिच गेले तेव्हा रशियन मुत्सद्द्यांनी त्यांना ऑस्ट्रिया-हंगेरीशी जुळवून घेण्याचा सल्ला दिला. निश, पिरोत, व्रान्ये हे प्रदेश आणि पूर्ण स्वातंत्र्य सर्बियाच्या पदरात पडले ते व्हिएन्नाच्या पाठिंब्याने, आणि त्याची किंमत रेल्वे व व्यापाराच्या करारांतून मोजावी लागली. सर्बियाचा राज्यकर्ता मिलान ओब्रेनोविच याने १८८१ मध्ये ऑस्ट्रियाशी गुप्त करार करून इतर सत्तांशी राजकीय करार करण्याचा आपला अधिकारही व्हिएन्नाच्या संमतीला बांधून टाकला. दोन देशांची मैत्री अखंड होती असे ज्यांना वाटते त्यांनी १८८१ ची ही नोंद अधोरेखित करावी.

मधली पाने भराभर उलटावीत : इल्या गारशानिनने १८४४ मध्ये आखलेल्या गुप्त आराखड्यात ऑस्ट्रियाइतकीच रशियाविषयीही सावधगिरी होती, क्रिमियन युद्धात सर्बिया तटस्थ राहिला, १९०३ मध्ये ओब्रेनोविच राजाची हत्या होऊन काराजॉर्जेविच घराणे आणि निकोला पाशिच यांचा रशियानुकूल पक्ष सत्तेवर आला.

तिसरा प्रसंग बोस्नियाचा आणि त्यातून उद्भवलेल्या महायुद्धाचा. ऑस्ट्रिया-हंगेरीने १९०८ मध्ये बोस्निया गिळंकृत केला तेव्हा सर्बियात संतापाची लाट उसळली. परंतु जपानकडून झालेल्या पराभवातून रशिया सावरला नव्हता, परराष्ट्रमंत्री इझ्वोल्स्की काळ्या समुद्रातून बाहेर पडणाऱ्या सामुद्रधुन्यांच्या बदल्यात व्हिएन्नाशी सौदा करू पाहत होता, आणि शेवटी मार्च १९०९ मध्ये सर्बियाला बोस्नियाचे विलीनीकरण मुकाट्याने मान्य करावे लागले. हे लक्षात ठेवूनच १९१४ कडे यावे. जुलै १९१४ साठी वेगळा कागद घेऊन दिवसवार नोंदी कराव्यात : २८ जूनला बोस्नियातील सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक याची हत्या, १० जुलैला बेलग्रेडमधील रशियाचे अत्यंत प्रभावी राजदूत हार्टविग यांचा ऑस्ट्रियाच्या वकिलातीत हृदयविकाराने मृत्यू, २३ ला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता, २५ ला सर्बियाचे मवाळ, बहुतांश अटी मान्य करणारे उत्तर, २८ ला ऑस्ट्रियाची युद्धघोषणा, ३० ला रशियाची सार्वत्रिक सैन्यजमवाजमव, १ ऑगस्टला जर्मनीची रशियाविरुद्ध युद्धघोषणा.

या कागदावर प्रश्न असा लिहावा, की १९०९ मध्ये मागे सरलेला रशिया १९१४ मध्ये का सरला नाही. सर्बप्रेम दोन्ही वेळा होतेच, म्हणजे फरक त्यात नव्हता. मधल्या काळात रशियाचे सैन्य पुन्हा उभे राहिले होते, फ्रान्सशी असलेली युती भक्कम झाली होती, आणि दुसऱ्यांदा माघार घेतली तर बाल्कनमध्ये आपले कोणी ऐकणार नाही ही धास्ती सेंट पीटर्सबर्गला वाटत होती. यातील कोणत्या कारणाला किती वजन द्यावे यावर इतिहासकारांचे एकमत नाही, तेव्हा परीक्षेत एकाच कारणावर शिक्का मारण्याचे टाळावे.

गाळले जाणारे चाळीस वर्षांचे पान

बहुतेक टिपणे १९१४ वरून थेट १९९९ वर उडी मारतात. मधला काळ नेमका या मैत्रीच्या कथेला अडचणीचा आहे, म्हणूनच तो लिहावा. क्रांतीनंतर पळून आलेल्या श्वेत (कम्युनिस्टविरोधी) रशियनांना बेलग्रेडने आसरा दिला. बेलग्रेडमधील कित्येक सरकारी इमारती निकोलाय क्रास्नोव्ह या निर्वासित रशियन वास्तुविशारदाने घडवल्या, आणि देशाबाहेरील रशियन चर्चचे मुख्यालय स्रेम्स्की कार्लोव्ह्त्सी येथे होते. म्हणजे रशियन माणसांवर माया होती. रशियातील सरकारला मात्र युगोस्लाव्हियाने (पहिल्या महायुद्धानंतर सर्बिया ज्यात सामील झाला आणि बेलग्रेड ज्याची राजधानी होती त्या देशाने) जून १९४० पर्यंत मान्यताच दिली नाही. एप्रिल १९४१ मध्ये मॉस्कोत मैत्रीच्या करारावर सह्या झाल्या आणि काही तासांत, ६ एप्रिलला, जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँबफेक केली. मदत आली नाही, उलट मे महिन्यात सोव्हिएत सरकारने युगोस्लाव्ह राजदूताला देशाबाहेर जायला सांगितले. २० ऑक्टोबर १९४४ रोजी लाल सेना आणि कम्युनिस्ट नेता टिटोचे पार्टिझन (गनिमी लढवय्ये) यांनी मिळून बेलग्रेड मुक्त केले. त्यानंतर चार वर्षेही झाली नाहीत तोच, २८ जून १९४८ रोजी, स्टालिनच्या पुढाकाराने युगोस्लाव्हियाची कॉमिन्फॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून हकालपट्टी झाली, आणि टिटोने मॉस्कोच्या बाजूच्या कम्युनिस्टांना गोली ओतोक बेटावरील छावणीत डांबले. १९५५ मध्ये ख्रुश्चेव्ह स्वतः बेलग्रेडला समेटासाठी गेले.

मराठी वाचकाला १९६१ ची बेलग्रेड परिषद आणि नेहरू-टिटो-नासर हे त्रिकूट ठाऊक असते. टिटोला अलिप्ततेची वाट धरावी लागली, त्यामागे १९४८ ची ही फारकत होती, एवढा दुवा टिपणात जोडून द्यावा. आजच्या सर्बियाला पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडून काही मिळवण्याची जी सवय आहे, तिचे मूळ झारच्या काळापेक्षा या काळात अधिक सापडते.

सुरक्षा परिषदेची मते कशी वाचावीत

१९९२ नंतरच्या भागासाठी बातम्यांपेक्षा संयुक्त राष्ट्रांचे मतदान आणि ठरावांचे मूळ शब्द वाचावेत. दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर विनाशुल्क उपलब्ध आहेत, आणि अभ्यासिकेतील वाय-फायवर दोन तासांत आवश्यक तेवढे उतरवून घेता येतात. सुरुवात मे १९९२ च्या ठराव ७५७ पासून करावी. बोस्नियातील युद्धावरून बेलग्रेडवर कडक आर्थिक निर्बंध लादणाऱ्या या ठरावाच्या बाजूने रशियाने मत दिले; चीन आणि झिंबाब्वे तटस्थ राहिले. पाश्चात्त्य मदतीची गरज असलेल्या येल्त्सिनच्या रशियाचे ते मत होते. देशात टीका वाढू लागल्यावर सूर बदलला आणि डिसेंबर १९९४ मध्ये बोस्नियातील सर्बांच्या प्रदेशात इंधन जाऊ नये यासाठीच्या ठरावावर रशियाने नकाराधिकार वापरला.

मग १९९९. कोसोवोतील संघर्षावरून युगोस्लाव्हियावर २४ मार्चला नाटोची बाँबफेक सुरू होणार हे कळताच वॉशिंग्टनकडे निघालेले रशियाचे पंतप्रधान प्रिमाकोव्ह यांनी अटलांटिकवरून विमान माघारी वळवले. दोन दिवसांनी बाँबफेक थांबवण्याची मागणी करणारा मसुदा सुरक्षा परिषदेत आला. रशिया आणि बेलारूस यांच्यासह त्याचा एक प्रायोजक भारत होता, ही गोष्ट आपल्याकडील टिपणांत फारशी आढळत नाही. मसुदा ३ विरुद्ध १२ मतांनी फेटाळला गेला. युगोस्लाव्ह संसदेने एप्रिलमध्ये रशिया-बेलारूस संघात सामील होण्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. रशियाने लढण्यासाठी सैन्य पाठवले नाही. त्याने पाठवला तो मध्यस्थ : माजी पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांनी फिनलंडचे अध्यक्ष आहतिसारी यांच्यासह युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांना अटी मान्य करायला लावल्या. १२ जूनला बोस्नियातून निघालेले सुमारे २०० रशियन सैनिक नाटोच्या आधी कोसोवोच्या राजधानीतील, प्रिश्टिनाच्या विमानतळावर पोहोचले आणि सर्बांनी त्यांच्यावर फुले उधळली. पण हंगेरी, रुमानिया आणि बल्गेरियाने हवाई मार्ग न दिल्याने कुमक आली नाही. नकाशा आधी का काढायचा, त्याचे उत्तर येथे मिळते.

विमानतळाची गोष्ट रंजक असल्यामुळे व्याख्याते तिच्यातच रमतात. त्यापेक्षा १० जून १९९९ चा ठराव १२४४ संथपणे वाचावा. त्याच्या प्रस्तावनेत युगोस्लाव्हियाच्या सार्वभौमत्वाचा आणि प्रादेशिक अखंडतेचा पुनरुच्चार आहे, आणि एकोणिसावे कलम सांगते की कोसोवोतील आंतरराष्ट्रीय व्यवस्था प्रथम १२ महिन्यांसाठी असेल आणि सुरक्षा परिषद वेगळा निर्णय घेईपर्यंत पुढेही चालू राहील. म्हणजेच ती व्यवस्था बदलायची तर नवा ठराव हवा, आणि नव्या ठरावावर रशियाचा नकाराधिकार आहेच. रणांगणावर जे मिळाले नाही ते रशियाने या कलमातून राखले, आणि तेव्हापासून कोसोवोच्या प्रश्नावर बेलग्रेडला मॉस्कोची गरज कायमची चिकटली. फेब्रुवारी २००८ मध्ये कोसोवोने स्वातंत्र्य घोषित केल्यावरही त्याला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळालेले नाही, त्यामागे हेच बळ आहे. जुलै २०१५ मध्ये बोस्नियातील सर्ब फौजांनी १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे केलेल्या हत्याकांडाला वंशसंहार म्हणणाऱ्या ठरावावर रशियाने नकाराधिकार वापरला, तो याच साखळीतील दुवा.

आता उलट बाजू. मार्च २०१४ मध्ये क्रिमिया ताब्यात घेताना पुतीन यांनी कोसोवोचाच दाखला दिला. ज्या युक्तिवादावर सर्बियाचा कोसोवोवरील दावा उभा आहे, त्यालाच त्याच्या मित्राने भोक पाडले. त्या महिन्यातील, क्रिमियावरून झालेल्या आमसभेच्या मतदानात सर्बिया सहभागी झाला नाही. २ मार्च २०२२ रोजी मात्र, रशियन आक्रमणाचा निषेध करणारा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला तेव्हा, सर्बियाने ठरावाच्या बाजूने मत दिले, आणि निर्बंध लादण्यास नकार दिला. प्रादेशिक अखंडतेचे तत्त्व सोडले तर कोसोवो जातो, आणि रशियाला सोडले तर नकाराधिकार जातो. या दोन्ही भीती एकाच वेळी सांभाळण्याचा तो प्रयत्न होता.

तेल, वायू आणि विमाने

राजनयाची किंमत या भागात आकड्यांत सापडते. जानेवारी २००८ मध्ये, कोसोवोची घोषणा तोंडावर आलेली असताना, एनआयएस या सर्बियन तेलकंपनीचा ५१ टक्के हिस्सा रशियाच्या गाझप्रॉम नेफ्टला ४० कोटी युरोंना देण्याचे ठरले, आणि त्याबरोबर साउथ स्ट्रीम वायुवाहिनी सर्बियातून नेण्याचे आश्वासन मिळाले. किंमत कमी असल्याची टीका सर्बियातच झाली. साउथ स्ट्रीम २०१४ मध्ये रशियाने रद्द केली; तुर्कस्तान व बल्गेरियामार्गे येणारी दुसरी वाहिनी १ जानेवारी २०२१ पासून सर्बियात वायू आणू लागली. पान्चेव्हो येथील शुद्धीकरण कारखान्याचे कच्चे तेल क्रोएशियाच्या वाहिनीतून येते, म्हणून युरोपीय निर्बंधांमुळे २०२२ च्या अखेरीस रशियन मालकीच्या कंपनीलाच रशियन तेल मिळेनासे झाले. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये याच कंपनीवर निर्बंध जाहीर केले, आणि अनेकदा मुदतवाढ मिळून ते ऑक्टोबर २०२५ मध्ये लागू झाले. मैत्रीची ठेव येथे ओझे ठरली.

शस्त्रांच्या नोंदी तीन ओळींत संपतात : २०१७ मध्ये रशियाकडून मिग-२९, २०२२ मध्ये चीनकडून हवाई संरक्षण क्षेपणास्त्रे, ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्सशी १२ राफेलचा करार. मे २०२५ मध्ये सर्बियाचे अध्यक्ष वुचिच मॉस्कोच्या विजयदिनाच्या संचलनाला गेले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्बियन दारूगोळा तिसऱ्या देशांमार्गे युक्रेनला जातो असा जाहीर आरोप रशियाच्या परदेशी गुप्तचर सेवेने केला. दोन रकान्यांची पद्धत समजावून द्यायला हा एक महिना पुरेसा आहे.

स्मारके आणि सोहळे

प्रतीकांना हसण्यावारी नेऊ नये; ती मतदारांसाठी असतात आणि म्हणून त्यांना किंमत असते. नोंद करताना तीन गोष्टी पाहाव्यात : पैसा कोणाचा, तारीख कोणती, आणि गैरहजर कोण. बेलग्रेडमध्ये झार दुसरा निकोलस याचा पुतळा २०१४ मध्ये, महायुद्धाच्या शताब्दीला आणि क्रिमियानंतर काही महिन्यांतच, उभा राहिला. संत सावा यांच्या भव्य चर्चच्या घुमटातील मोझाइकचा खर्च गाझप्रॉम नेफ्टने उचलला. आणि बेलग्रेडच्या मुक्तीच्या सत्तराव्या वर्षदिनाचे लष्करी संचलन २० ऐवजी १६ ऑक्टोबर २०१४ रोजी झाले, कारण पुतीन यांना त्याच दिवशी पुढे मिलानच्या शिखर परिषदेला जायचे होते. पाहुण्याच्या सोयीने इतिहासाची तारीख चार दिवस अलीकडे ओढली जाते, तेव्हा त्या मैत्रीत वरचा हात कोणाचा आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

भारताशी तुलना आणि उत्तराची मांडणी

भारतानेही कोसोवोला मान्यता दिलेली नाही आणि भारताचेही रशियाशी जुने संबंध आहेत, म्हणून दोन्ही देशांना एका माळेत ओवण्याचा मोह होतो. तो आवरावा. २ मार्च २०२२ च्या मतदानात भारत तटस्थ राहिला आणि सर्बियाने रशियाविरुद्ध मत दिले. सर्बिया २०१२ पासून युरोपीय संघाचा उमेदवार आहे आणि त्याचा सर्वाधिक व्यापार त्याच संघाशी आहे, भारतावर असा दबाव नाही. तुलना करायचीच असेल तर ती बल्गेरियाशी करावी, म्हणजे कारणे वेगळी काढता येतात : बल्गेरियाला कोसोवोसारखा प्रश्न नाही आणि सुरक्षा परिषदेत कोणाच्या नकाराधिकाराची गरज नाही.

२५० शब्दांच्या उत्तरात एवढे सगळे मावणार नाही, आणि मावू देऊही नये. पहिल्या दोन वाक्यांत भूमिका मांडावी, की सांस्कृतिक नाते खरे असले तरी निर्णय हितसंबंधांनी झाले. मग १८७८, १९४८ आणि १९९९ एवढीच तीन उदाहरणे प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत द्यावीत. त्यानंतर ठराव १२४४ चे एकोणिसावे कलम आणि एनआयएसचा व्यवहार यांतून आजची गुंतागुंत दाखवावी आणि २०२२ च्या मतावर थांबावे. १५० शब्दांचे उत्तर असेल तर १८७८ सोडून द्यावे, १२४४ सोडू नये. व्याख्यान असेल तर तारखांची यादी वाचून दाखवण्याऐवजी हाताने काढलेला नकाशा श्रोत्यांसमोर टांगावा आणि प्रत्येक प्रसंगाला त्यावर बोट ठेवावे.

टिपण एकदा तयार झाले की ते दर तीन महिन्यांनी उघडावे. त्यात चार ठिकाणी भर पडत राहते : एनआयएसची मालकी, रशियन वायूच्या कराराची मुदत आणि दर, संयुक्त राष्ट्रांतील सर्बियाचे प्रत्येक नवे मत, आणि युरोपीय संघाच्या परराष्ट्र धोरणाशी सर्बिया किती जुळवून घेतो याचा संघाच्या वार्षिक अहवालातील उल्लेख. प्रत्येक नव्या नोंदीसमोर तारीख घालावी, भाषण डाव्या रकान्यात आणि कृती उजव्या रकान्यात ठेवावी, आणि केवळ भाषणच झाले असेल तर उजवा रकाना कोरा सोडावा.